तोंडाकडं बघू नको

लाइट गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले, तेव्हा सिद्राम उंबऱ्यावर बसून दाढी करत होता. गिरणीला सुट्टी होती. दुष्काळ सरला होता, पण लाइट जायची खोड काही गेली नव्हती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या या गल्लीत घराघरात माग होते. सकाळी ते सुरू झाले की रात्रीपर्यंत खडखड चालायची, आणि ती इतकी कायमची की ती आहे हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. ती थांबली की मात्र सगळी गल्ली दचकायची. त्या दिवशीही तसंच झालं. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या गुरम्माचा हात सुपात थबकला. नळावरच्या बायकांनी माना वर केल्या. भिंतीच्या सावलीत झोपलेलं कुत्रं उठून बसलं. सिद्रामची बायको शालन पिठाच्या परातीत हात तसेच ठेवून दाराकडं बघू लागली. सिद्रामचा वस्तरा गालावरच राहिला. आणि त्या थांबलेल्या गल्लीत एकच जीव आपल्या नादात होता, ती त्याची सहा वर्षांची लेक, वच्छी. दारापुढं चिंचोके मांडून ती खेळत होती. तिनं मान वर केली नाही. एक चिंचोका उचलून तिनं दुसऱ्या रांगेत ठेवला, मग तिसरा ठेवला. गल्लीत काहीतरी झालंय हे तिच्यापर्यंत आलंच नव्हतं. सिद्राम तिच्याकडं बघत बसला. थोड्या वेळानं लाइट आली, माग पुन्हा सुरू झाले, गुरम्मानं सूप हलवलं, कुत्रं आडवं झालं. सिद्रामच्या अर्ध्या गालावरचा साबण मात्र वाळून गेला होता.

त्याला आता दोन वर्षं होत आली. आज सिद्राम त्याच लेकीचा हात धरून महापालिकेच्या शाळेकडं निघाला होता. रात्रपाळी करून आला होता, जेवून थोडा लवंडला होता, पण झोप डोळ्यांतून पुरती उतरली नव्हती. जागरणाच्या माणसाला दुपारचा रस्ता पाण्याच्या तळाशी असल्यासारखा दिसतो. सायकली संथ सरकत होत्या. एका दारात रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या, लाल आणि हिरव्या, त्यांतून थेंब पडत होते आणि पडताना जणू विचार करत होते. शालननं वच्छीला धुतलेला झगा घातला होता, दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या. वच्छी चालत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. रस्त्याच्या पलीकडं दोन बायका एका दारात उभ्या होत्या. त्यांचं बोलणं इकडं यायचं काही कारण नव्हतं. वच्छीनं बापाचा हात ओढला आणि तिच्या त्या एकाच उंचीवरून चालणाऱ्या आवाजात सांगितलं, "ती म्हनती, सासू लई खोकती. झोपू देत न्हाय." पुढं पानाच्या टपरीवर एकजण सायकलचा पाना उसना मागत होता, तेही तिनं सांगितलं. असं तिचं रोजचं चालायचं. सबंध रस्त्याचं बोलणं ती गोळा करत जायची आणि बापाच्या पदरात टाकायची. गल्लीत कुणाकडं काय शिजतंय हे गुरम्माच्या आधी तिला ठाऊक असायचं. आज मात्र ती मधेच थांबली, वर बघितलं आणि विचारलं, "आता बघू का? सायबाम्होरं न्हाय बघायचं. आता बघू?" सिद्रामनं मान हलवली. "आता बघ," तो म्हणाला. म्हणाला म्हणजे ओठ हलवले, आवाज काढला नाही. घरच्यांशी बोलताना तो कधीच आवाज काढत नसे.

आता कुणी म्हणेल, पोटच्या पोरीला ऐकू येत नाही हे आईबापाला कळू नये, म्हणजे ही माणसं तरी कसली. पण त्याला ते घर बघायला हवं होतं. सिद्राम गिरणीच्या माग खात्यात, आणि त्याच्या आधी त्याचा बापही तिथंच. शेकडो माग एका छपराखाली चालतात, तिथं शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचत नाही. म्हणून तिथली माणसं ओरडायच्या भानगडीतच पडत नाहीत. ओठ मोठे करून हलवायचे, आवाज काढायचाच नाही, आणि ओठांत न मावलेलं हातांनी सांगायचं. तंबाखूला तळहातावर अंगठा, मुकादमाला मिशीवर बोट, कुणाच्या घरी पाळणा हलला तर दोन हातांची झोळी. खात्याच्या एका टोकाची बातमी बघता बघता दुसऱ्या टोकाला जाते आणि वाटेत थोडी वाढतेही. तीस वर्षं असं बोलल्यावर माणूस गिरणीतून घरी येतो, पण बोलणं गिरणीतच राहतं. सिद्रामच्या बापाचे कान म्हातारपणी पार गेले, तेव्हा त्याला स्वतःलाही ते फारसं जाणवलं नाही. शालन नातेपुत्याकडची, मोकळ्या रानातली, बांधावरून हाक घालणारी. लग्न होऊन आली त्या संध्याकाळी तिनं बघितलं तर सासरा आणि नवरा समोरासमोर जेवायला बसलेले, ओठ हलताहेत, मधेच हसताहेत, आणि आवाज म्हणून नाही. तिला वाटलं, आपलेच कान गेले. ती मोरीत गेली आणि तांब्या खाली टाकून बघितला. तो वाजला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. हे ती पुढं कितीतरी वर्षं सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. मग तीही शिकली. शिकली ती इतकी की नवऱ्याशी भांडायचीही तशीच, ओठांनी आणि हातांनी, आणि समोरची गुरम्मा आपल्या सुनांना सांगायची, बघा, या घरात कधी भांडण ऐकू येतंय का.

वच्छी अशा घरात वाढली. तिसरं लागायच्या आधी तिला मोठा ताप आला, कितीतरी दिवस डोळे उघडले नाहीत, आणि ताप उतरला तेव्हा पोर वाचली याचाच आनंद एवढा झाला की दुसरं काही मोजायचं कुणाला सुचलं नाही. आधी ती बोलायला लागली होती. तापानंतर बोलणं जड झालं, शब्द चपटे झाले. ताप डोक्यात गेला होता, जीभ जड झाली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कानांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण कानांचं त्या घरात कामच नव्हतं. कुणाला बोलवायचं तर शहाबादी फरशीवर पाय आपटायचा. म्हाताऱ्यासाठी लागलेली ही सवय म्हातारा गेल्यावरही राहिली. पाय आपटला की फरशी थरथरायची आणि वच्छी वळून बघायची. बघितलं की ओठ. ओठ तिला सगळ्या घरात जास्त कळायचे. शालन पाठमोरी असताना वच्छी उत्तर देत नसे, पण पाठमोरं बोलायचंच कोण. असं करत करत तीन वर्षं निघून गेली. सिद्राम कधीकधी ती वर्षं आठवायचा, तेव्हा त्यांत त्याला कुठंही चूक केल्याची जागा सापडायची नाही. नुसता लेकीचा चेहरा दिसायचा, वर उचललेला, त्याच्या तोंडाकडं बघणारा. त्याला तेव्हा वाटायचं, किती जीव आहे हिचा माझ्यावर, नजर हलवत नाही. आणि जीव तर होताच.

शाळेत महादेवप्पा गुरुजींनाही ते ओळखता आलं नाही. पहिली वच्छीनं कशीबशी काढली. दुसरीत गुरुजी फळ्यावर लिहिता लिहिता बोलायचे. त्यांचं तोंड फळ्याकडं वळलं की वच्छी जागेवरून उठायची, बाकांमधून चालत पुढं जायची आणि फळ्याशी उभी राहून खालून गुरुजींच्या तोंडाकडं बघायची. वर्ग हसायचा. गुरुजींनी तिला दोनदा बसवलं, तिसऱ्यांदा छडी दिली, चौथ्यांदा कोपऱ्यात उभं केलं. कोपऱ्यातून तर काहीच दिसत नव्हतं, म्हणून ती कोपरा सोडून पुन्हा पुढं आली. दुसरीत ती नापास झाली. सिद्राम गुरुजींना भेटायला गेला आणि त्या लाइट गेलेल्या दिवसाचं सांगितलं, तेव्हा गुरुजी टेबलावरचा डस्टर उगाच इकडून तिकडं ठेवत बसले. मग म्हणाले, "मी तिला छडी मारली की हो." त्यानंतर ते फळ्याकडं तोंड करून बोलायचे थांबले, पण साठ पोरांच्या वर्गात तोंड एकीकडंच कसं ठेवायचं. पोरं कुठल्याही कोपऱ्यातून उत्तरं द्यायची, धडा मागच्या बाकावरून वाचला जायचा, आणि वच्छीची मान वळेपर्यंत बोलणं दुसरीकडं गेलेलं असायचं. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे लाल व्हायचे. घरी आली की ती पोत्यावर पालथी पडायची आणि कुणाच्याच तोंडाकडं बघायची नाही.

मग सरकारची योजना आली. गुरुजीच ती सांगायला आले होते, ओट्यावर बसून, चहाची बशी गार होईपर्यंत. अशी दहा मुलं एका ठिकाणी मिळाली की सरकार शाळेला वेगळा वर्ग देणार, त्या वर्गाला शिकून आलेली बाई देणार, आणि प्रत्येक मुलाला कानाला लावायचं यंत्र. "यंत्रानं सगळंच येईल असं न्हाय, पण काहीतरी येईल की. आणि ती बाई फळ्याकडं तोंड करून बोलणार न्हाय. तिला तेवढंच शिकवलेलं असतंय." गुरुजी दोन महिने सायकलवर फिरले. विडीवाल्यांच्या वस्तीत, अक्कलकोट रोडच्या शेडांमागं, होटगीपर्यंत. कुठं आईबापच म्हणायचे, आमचं पोर तसलं न्हाय. कुठं पोराला आतल्या खोलीत ठेवलेलं. नऊ मुलं झाली आणि दहावी वच्छी. डॉक्टरांनी तपासून लिहून द्यायचं, एवढंच उरलं होतं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. बाहेरगावचा, दमलेला, शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसलेला, समोर ही रांग. वच्छीला त्यांनी जवळ घेतलं, हनुवटीला हात लावून विचारलं, "काय नाव तुझं?" वच्छीनं सांगितलं. "कितवीत आहेस?" "दुसरीत." "आज काय जेवलीस?" "भाकरी. डाळकांदा." डॉक्टर हसले. "हिला का आणलंय? हिला चांगलं ऐकू येतं. बोलणं जरा जड आहे, होईल मोठेपणी नीट." तिला बाजूला करून त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं. गुरुजी काहीतरी सांगायला गेले, पण रांग पुढं सरकली होती. वच्छी नाचत घरी आली. नापास झालेल्या पोरीनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली होती, आणि साहेबानं तिला सोडलं होतं. तिनं गुरम्माला सांगितलं, नळावरच्या बायकांना सांगितलं, "मी पास." शालननं रडू आवरून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. सिद्राम तेव्हा मोरीत हातपाय धूत होता. एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही, शालनलाही नाही. डॉक्टर "हिला ऐकू येतं" असं म्हणाले, तेव्हा त्याच्या मनात आनंद उठला होता. खरोखरचा आनंद. शिकलेला माणूस म्हणतोय, असेलही. व्हरांड्यातून फाटकापर्यंत चालत जाताना त्याला ते खरं वाटलं होतं. फाटकाशी एका ट्रकनं मागून हॉर्न दिला, आणि वच्छी रस्त्यावरची चिमणीची पिसं उचलत राहिली. त्यानं तिला दंडाला धरून ओढलं.

नऊ मुलांवर वर्ग मिळत नाही. गुरुजी वर लिहीत राहिले, तोंडासमोर बसून कानाची तपासणी कशी होईल, तपासायचं यंत्र द्या, निदान डॉक्टरांना पुन्हा पाठवा. यंत्र आलं नाही, त्याला अजून मंजुरी नव्हती. डॉक्टर पुन्हा येणार असं मात्र कळलं, एका दिवसासाठी, आणि यंदाचा प्रस्ताव त्यानंतर बंद. गुरुजी परवा संध्याकाळी आले ते ओट्यावर बसलेच नाहीत, उभ्यानंच बोलले. "सिद्राम, पोरगी तोंड वाचती. साहेबाला एका पोराला देता येतोय किती वेळ. ते समोर बसूनच विचारणार. तिला एवढंच सांगा, साहेबाच्या तोंडाकडं बघू नको." मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "मास्तर असून मी हे सांगतोय. पण बाकीची नऊ पोरंपण हिच्यावाचूनच अडल्यात की."

गुरुजी गेल्यावर शालन चुलीपाशी बसून राहिली. त्या दिवशी तिनं आवाज काढला. कितीतरी वर्षांनी तिचा नातेपुत्याचा आवाज त्या घरात आला, आणि तो वच्छीला ऐकू जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. "येका गोष्टीत पोर हुशार हाय. तीबी तिची तीच शिकली. आन् आता तिला म्हनायचं, येत न्हाय असं दाखीव?"

"ऐकू येत न्हाय, हे खरंच हाय की," सिद्राम म्हणाला.

"मग खरं सांगायला लबाडी का करावी लागती?"

सिद्रामनं बाहेर आलेला निखारा चुलीत आत सारला. शालन पुन्हा बोलली, आता हळू. "करा काय करायचं ती. पर सांगा तुमीच. मला न्हाय जमायचं." तिनं भाकरी तव्यावर टाकली, तेव्हा भाकरीच्या कडा थापायला ती विसरली होती.

सांगायचं म्हणजे तरी कसं. वच्छीला समोर बसवून सिद्रामनं ओठांनी सांगितलं, साहेब बोलेल तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघू नको. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिनं विचारलं, "का? मला येतंय की." तो म्हणाला, "येतंय म्हनूनच." तिच्या कपाळावर आठी पडली. तिला वाटलं बाप गंमत करतोय, मग वाटलं बाप रागावलाय. "मागल्या टायमाला मी चुकले?" तिनं विचारलं. न्हाय, तो म्हणाला, चुकली न्हाईस. मग तिला त्यानं वर्गाचं सांगितलं, बाईंचं सांगितलं, कानातल्या यंत्राचं सांगितलं. यंत्र म्हणजे मुठीएवढी पेटी, तिची दोरी कानात. वच्छीनं हात पुढं करून त्याच्या गळ्याला लावला. लहानपणापासून ती असं करायची, तो कधीमधी गुणगुणत असला तर तिला ते बोटांना कळायचं. "त्यानं काय व्हईल?" तिनं विचारलं. सिद्रामला सांगता आलं नाही. आवाज म्हणजे काय हे तिला सांगायला त्याच्याकडं गिरणीच्या बोलीत एकही खूण नव्हती. त्या बोलीत जगातल्या सगळ्या वस्तू होत्या, माणसं होती, शिव्या होत्या, देव होते. आवाज नव्हता. तो तिथं इतका होता की त्याला खूण करायची कुणाला गरजच पडली नव्हती.

आज दुपारी लवंडल्यावर त्याला जे पडलं ते स्वप्न म्हणावं की डुलकी, हे त्यालाही कळलं नव्हतं, आणि आता चालता चालता ते पुन्हा डोळ्यांपुढं येत होतं. माग खातं होतं, सगळे माग चालू होते, सुताचे धोटे इकडून तिकडं पळत होते, पण खडखड नव्हती. माणसं मागांपाशी उभी राहून मोठमोठ्यानं बोलत होती, तोंडं उघडत होती, आणि सिद्रामला त्यांतलं काहीच कळत नव्हतं, कारण त्यांचे ओठ त्याच्या ओळखीचे राहिले नव्हते. कुणी ओठ मोठे करत नव्हतं. सगळे त्याच्याकडं बघून विचारत होते, आणि तो नुसता हसत होता, जसं न कळलेल्या गोष्टीला माणूस हसतो. मग त्याच्या शेजारी वच्छी होती. तिनं त्याचा हात धरला आणि त्याला सांगू लागली, हा हे म्हणतोय, तो ते म्हणतोय, भिऊ नको. किती सोपं होतं तिच्यासाठी. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, ते तिच्या वेण्यांवर बसत होते, आणि सिद्रामला इतकं शांत वाटत होतं की जागं व्हायची इच्छा नव्हती. शालननं फरशीवर पाय आपटला. तो उठला. वेळ झाली होती.

शाळेच्या व्हरांड्यात मागच्यासारखंच टेबल होतं. पटांगणात लिंबाखाली आईबाप पोरांना घेऊन बसले होते. हीच ती नऊ. आपापले कागद घेऊन ती दहाव्या मुलाचं काय होतंय ते बघायला आली होती. होटगीहून आलेली एक बाई, सारजाबाई, नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सिद्रामकडं बघून हात जोडले. तो घाईनं दुसरीकडं बघू लागला. वच्छी मात्र खुशीत होती. सगळ्यांकडं बघत होती, कुणाचं काय चाललंय ते वाचत होती, आणि दोनदा तिनं बापाला सांगितलं, "त्यो पोरगा हातानं बोलतोय." सिद्रामला वाटलं, तिला घेऊन असंच मागं फिरावं. तिला जे येतं ते येऊ दे. मग त्याला तिचे संध्याकाळचे लाल डोळे आठवले, पोत्यावरची पालथी पाठ आठवली, आणि तो जागेवरून हलला नाही. गुरुजी आत कुठं उभं राहावं हे न कळून खांबाला टेकून उभे होते. नाव पुकारलं. सिद्राम तिला घेऊन पुढं गेला, टेबलापाशी सोडलं आणि दोन पावलं मागं सरला.

"अरे, ही तर मागच्या वेळची," डॉक्टर म्हणाले. वैतागून नाही, ओळखीनं म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "ये बाळ. काय नाव सांगितलं होतंस?"

वच्छी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. सवयच ती. तिचे ओठ उघडले, नावातला पहिला 'व' त्यांवर आलाही, आणि तेवढ्यात तिला बापाचं बोलणं आठवलं. तिनं नजर खाली टेबलाकडं नेली, पण टेबलावरून ती आपोआप वर जायला लागली. तोंड समोर असताना न बघणं तिला जमेना. तिनं वळून बापाकडं बघितलं. मग पुन्हा डॉक्टरांकडं तोंड केलं आणि दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.

"डोळे का मिटले हिनं?" डॉक्टरांनी विचारलं. गुरुजींनी सिद्रामकडं बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा नाव विचारलं, जेवलीस का विचारलं, थोडं मोठ्यानं विचारलं. वच्छी उभी. मग डॉक्टर हळूहळू खुर्चीवरून उठले. ते तिच्या मागं गेले, तिच्या डोक्यापाशी टाळी वाजवली. शिपायाला सांगून शाळेची घंटा द्यायला लावली. घंटेचा टोला सबंध पटांगणावरून गेला आणि लिंबावरचे पक्षी उठले. डॉक्टर परत येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी वच्छीच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघितलं. "म्हणजे मागच्या वेळी ही माझं तोंड वाचत होती," ते म्हणाले. गुरुजींनी मान हलवली. डॉक्टरांनी कागद ओढला, लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता सिद्रामला म्हणाले, "तुम्ही वडील ना? एकदा हाक मारून बघा. घरच्या आवाजाला कधीकधी मूल वळतं. तेवढं बघून टाकू."

सिद्रामनं ओठ हलवले.

"आवाज काढून मारा हो."

तेव्हा त्याला कळलं की या पोरीला आपण कधी हाक मारलेली नाही. पाय आपटला होता, हात हलवला होता, दंडाला धरलं होतं, कुशीत घेतलं होतं. नाव घेऊन, आवाज काढून, एकदाही नाही. "वच्छे," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. वच्छी उभी. "वच्छे." सारजाबाईनं नातवाला छातीशी धरलं. सगळं पटांगण त्याच्याकडं बघत होतं, कारण तिनं वळू नये म्हणून ते इथं आले होते. आणि सिद्रामला वाटत होतं, तिनं वळावं. वर्ग जाऊ दे, यंत्र जाऊ दे, ही सगळी माणसं मला शिव्या देत घरी जाऊ देत, पण हिनं एकदा, एकदाच माझ्या हाकेला वळावं. आपण काय मागतोय हे त्याला पुरतं समजत होतं. त्यानं आणखी मोठ्यानं हाक मारली. शालन बांधावरून मारायची तशी, छाती रिकामी करून मारली.

डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला. "झालं. पुरे," ते म्हणाले आणि कागद गुरुजींकडं सरकवला. गुरुजी सिद्रामपाशी आले, त्याच्या खांद्याला हात लावला. "सिद्राम, झालं की. मिळाला वर्ग."

वच्छी टेबलापाशी तशीच ताठ उभी होती. डोळे मिटलेले, ओठांच्या कडा हसू दाबल्यासारख्या वर आलेल्या, कारण बापानं सांगितलेलं तिला या खेपेला नीट जमलं होतं. ते झालं, हे कुणीतरी सांगेल म्हणून ती थांबली होती. आणि सिद्राम तिच्या मागं उभा राहून तिला हाका मारत होता.